काशीला जायचंय, पण घाटावर राहायचं का?

चिंचवडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा :

“आईबाबांना काशीला न्यायचं आहे. बाबा ८३ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. आई ७७ ची. दोन्ही गुडघे गेलेत, कठडा धरून चार-पाच पायऱ्या कशाबशा चढते. तिची एकच इच्छा, डोळे भरून गंगा बघायची. भाऊ म्हणतो, घाटावर जुन्या हवेल्यांमध्ये हॉटेलं आहेत, खिडकीतून गंगा दिसते, कुठे जायलाच नको. माझे मिस्टर म्हणतात, कॅन्टोन्मेंटमधलं मोठं हॉटेल घ्या, पैसे जाऊ देत. मी मध्ये अडकले आहे. मोबाइलवर फोटो बघून काही कळत नाही. आम्ही तिघंच जाणार, मदतीला दुसरं कोणी नाही. काय करू?”

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मग. घाटावर राहू नका. कॅन्टोन्मेंट किंवा नदेसर भागात, जिथे गाडी थेट दाराशी जाते असं हॉटेल घ्या. मात्र “मोठं आहे म्हणजे चांगलंच असणार” असं धरून बुकिंग करू नका. मोठ्या हॉटेलातसुद्धा एक चार इंचांचा उंबरा तुमची सगळी यात्रा बिघडवू शकतो. त्यामुळे पैसे भरण्याआधी अर्धा तास फोनवर घालवा. त्या अर्ध्या तासात नेमकं काय विचारायचं, ते पुढे लिहिते.

तुमच्या भावाची चूक नाही हो. आईला उठल्या उठल्या गंगा दिसावी, असं कुठल्या मुलाला वाटणार नाही? आणि आपल्या लोकांचं काशीशी नातंही तसंच आहे. दशाश्वमेध घाट १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतला, विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० मध्ये अहिल्याबाईंनी उभं केलं. भोसले घाट, सिंधिया घाट, अहिल्याबाई घाट अशी नावं वाचताना आपल्याच गावात आल्यासारखं वाटतं. पण हे घाट बांधले ते चालत येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, धडधाकट पायांसाठी.

काशीची ठेवणच तशी आहे. गंगा इथे उत्तरेकडे वळून वाहते आणि गाव वसलंय पश्चिमेच्या उंच काठावर. पाण्यापासून वस्तीपर्यंत उभा चढ, आणि तो चढ म्हणजेच घाटाच्या पायऱ्या. पायऱ्या संपल्या की लगेच गल्ल्या. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं, एवढ्या अरुंद. खाली दगडी फरशी, बरेचदा ओली, मध्ये गाय बसलेली, मागून मोटारसायकलचा हॉर्न. घाटाआधीच्या गोदौलिया चौकाच्या पुढे गाड्यांना जाऊ देत नाहीत. म्हणजे घाटावरच्या हॉटेलात पोचायचं तर सामान हमालाच्या डोक्यावर आणि बाबा वॉकर घेऊन त्या गल्लीतून. गल्ली कशीबशी पार केलीत, तरी हवेलीच्या दारात पुन्हा पायऱ्या असतात. जुन्या हवेल्यांमध्ये लिफ्ट असली तरी ती बऱ्याचदा पाच-सात पायऱ्या चढून गेल्यावर, मधल्या सज्जापासून सुरू होते, कारण खाली जागाच नसते.

समजा, बाबांना खुर्चीत बसवून चार माणसांनी उचलून नेलं. मीही तसं नेलेलं आहे. पण रात्री दोन वाजता छातीत दुखलं, चक्कर आली, तर? ती चार माणसं तेव्हा कुठून आणायची? तिथे रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबते. तुम्ही तिघंच आहात. माझ्यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

आता मिस्टरांच्या बाजूचं बघू. कॅन्टोन्मेंट आणि नदेसरचा भाग सपाट आहे, रस्ते रुंद आहेत, बहुतेक मोठ्या हॉटेलांना पोर्च आहे, म्हणजे गाडीतून उतरलात की छपराखालीच. बाबतपूरचा विमानतळ शहरापासून साधारण २५ किलोमीटर, आणि तिकडून येताना हा भाग गावातल्या गर्दीच्या आधीच लागतो. दमूनभागून आल्यावर गोदौलियाच्या कोंडीत तासभर अडकणं टळतं. तोटा एकच : घाट चार-पाच किलोमीटर लांब, खिडकीतून गंगा दिसणार नाही. पण ताई, हॉटेलात माणूस दिवसा कमी आणि रात्री जास्त असतो. तुमचे बाबा रात्री किती वेळा उठतात, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण या वयात दोन-तीन वेळा उठतच असतील. अंधारात, अनोळखी खोलीत, झोपेच्या डोळ्यांनी, वॉकर घेऊन ते पलंगापासून कमोडपर्यंत जाणार. त्या आठ-दहा पावलांवर हॉटेल निवडायचं. बाकी सगळं त्यानंतर.

मी २२ वर्षं ज्येष्ठांच्या सहली घेऊन फिरले, पण हे शिकले ते घरच्या माणसाकडून. सासूबाईंना घेऊन आम्ही दक्षिणेतल्या एका शहरात गेलो होतो. हॉटेल चांगलं, महागडं, “व्हीलचेअरची सोय असलेली खोली” असं लिहून घेतलेलं. खोली प्रशस्त होती, दारही रुंद. बाथरूममध्ये मात्र कमोड एका ओट्यावर बसवलेला. ओटा सहा इंचांचा, त्याला कडेला स्टीलची पट्टी, आणि भिंतीला हाताने धरायला काही म्हणजे काही नाही. सासूबाई म्हणाल्या, “काही नाही गं, जमतंय मला.” पहिल्या दिवशी जमलं, दुसऱ्या दिवशीही जमलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि मान कलली. डॉक्टर आले. त्यांनी जिभेवरून आणि हाताची कातडी चिमटीत धरून बघितलं आणि विचारलं, “पाणी किती पितात?” तेव्हा कळलं. रात्री बाथरूमला जावं लागू नये म्हणून सासूबाई दुपारी चारनंतर पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. त्या ओट्याची त्यांना भीती वाटत होती. आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही एवढे पैसे भरले होते.

तेव्हापासून मी कुठेही गेले की म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवते आणि सकाळी ती किती रिकामी झाली ते बघते. जशीच्या तशी असेल तर बाथरूममध्ये काहीतरी चुकतंय असं धरते, आणि विचारत बसत नाही, स्वतः जाऊन बघते. हे तुम्हीही करा. “कसं आहे हॉटेल?” असं विचारलंत तर तुमचे आईबाबा “छान आहे” एवढंच म्हणणार.

आता फोन. “आपके यहाँ बुजुर्गों के लिए सुविधा है?” असं कधीही विचारू नका. “जी हाँ, सब सुविधा है,” हेच उत्तर येणार. तो माणूस खोटं बोलत नसतो, त्याने कधी वॉकर घेऊन ती खोली ओलांडलेली नसते एवढंच. प्रश्न असा विचारायचा की उत्तरात आकडा आला पाहिजे. “गाडी से उतरकर रिसेप्शन तक कितनी सीढ़ियाँ हैं?” तो म्हणेल, बस दो-तीन. मग विचारा, दोन की तीन? रेलिंग आहे का? एका बाजूला की दोन्ही? रॅम्प असेल तर किती लांब? रॅम्पचा हिशेब सोपा आहे : एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, तर रॅम्प अठरा फुटांचा हवा. सहा फुटांची लोखंडी पाटी टाकलेली असेल तर ती सामानाच्या ट्रॉलीसाठी आहे, माणसासाठी नाही.

लिफ्टबद्दल दोन गोष्टी विचारा. ती अगदी जमिनीपासून आहे की काही पायऱ्या चढून? आणि वीज गेल्यावर जनरेटरवर चालते का? नाश्त्याची जागा कुठल्या मजल्यावर आहे, तेही विचारून ठेवा. कितीतरी हॉटेलांत लिफ्ट असते आणि रेस्टॉरंट मात्र अर्धा मजला खाली असतं, मध्ये सहा पायऱ्या.

मग हाउसकीपिंगशी जोडून द्या म्हणावं. हे फार महत्त्वाचं आहे. रिसेप्शनवरच्या मुलाला बाथरूम पाठ नसतं, पण जी माणसं रोज ते पुसतात त्यांना उंबरा किती बोटांचा आहे तेही माहीत असतं. सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान फोन करा, तेव्हा खोल्या रिकाम्या होऊन साफसफाई चाललेली असते. त्यांना विनंती करा : “भैया, एक छोटा-सा वीडियो भेज दीजिए. गेट से शुरू करके कमरे तक, फिर पलंग से कमोड तक. चलते-चलते बनाइए, बंद मत कीजिए.” न थांबता काढलेला एक-दीड मिनिटाचा व्हिडिओ. फोटोत उंबरा लपतो, व्हिडिओत लपत नाही. चालणाऱ्याचा पाय उचलला की मोबाइल हलतो, तेवढ्यावरूनसुद्धा कळतं. मी हे वीसेक हॉटेलांकडून मागितलं असेल, दोघा-तिघांनीच नाही म्हटलं. ज्यांनी नाही म्हटलं तिथे मी गेले नाही.

व्हिडिओ आला की काय बघायचं? बाथरूमचं दार. व्हीलचेअरची बाहेरची रुंदी साधारण २५-२६ इंच असते, म्हणून दाराची मोकळी जागा निदान ३२ इंच हवी. वॉकरलाही जवळपास तेवढीच लागते, कारण हात बाहेर आलेले असतात. आपल्याकडच्या हॉटेलांत खोलीचं दार रुंद आणि बाथरूमचं अडीच फुटांचंसुद्धा नाही, असं सर्रास दिसतं. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याच्या तारांकनाच्या नियमांत अपंग पाहुण्यांसाठी निदान एक खोली आणि तिला मीटरभर रुंदीचं दार अपेक्षित आहे. त्यामुळे तारांकित हॉटेल घेत असाल तर नेमकी तीच खोली मागा. “दिव्यांग वाला कमरा कौन-सा है, उसका नंबर बताइए” असं विचारा आणि तोच नंबर बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहून घ्या. नाहीतर ऐनवेळी ती खोली कुणा दुसऱ्यालाच दिलेली असते.

कमोडची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. साधा कमोड पंधरा-सोळा इंचांचा असतो. ज्याचा खुबा किंवा गुडघा अधू आहे त्याला अठरा-एकोणीस इंच लागतात. दोन-तीन इंचांनी काय होतं, असं वाटेल. आज रात्री तुम्ही स्वतः एकदा कमी उंचीच्या पाटावर बसून, हात न टेकता उठून बघा. बाबांच्या घरच्या कमोडवर उंची वाढवणारं प्लास्टिकचं रायझर बसवलं असेलच, तेच सोबत न्या. दिसायला अवजड, पण वजनाला हलकं असतं, बॅगेत कपडे त्याच्या पोटात भरता येतात. काही रायझरना दोन्ही बाजूंनी दांड्या असतात, मग भिंतीला दांडी नसली तरी निभावतं. दुकानात व्हॅक्यूमने टाइल्सना चिकटवायच्या दांड्या मिळतात, त्या मात्र घेऊ नका. टाइलचा सांधा मध्ये आला किंवा पृष्ठभाग खरखरीत असला की त्या धरत नाहीत, आणि पडणारा माणूस नेमका त्यांच्यावरच भार टाकतो. टॉवेल अडकवायच्या दांडीचंही तेच. ती टॉवेलसाठी बसवलेली असते, माणसाचं वजन तिला पेलत नाही. बाबांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

आंघोळीसाठी काचेचं पार्टिशन आणि त्याच्या खाली उंच कड असेल तर बाबांनी आत जायचंच नाही. प्लास्टिकची खुर्ची, बादली-मग हॉटेलवाले मागितल्यावर देतात. खुर्ची कमोडशेजारी मोकळ्या जागेत ठेवायची आणि बसून आंघोळ करायची. खुर्ची हात असलेली मागा, स्टूल नको. आंघोळ झाल्यावर फरशी पुसून कोरडी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आणि आतून कडी लावायची नाही. बाबांना संकोच वाटेल, तर दारावर टॉवेल टाकून ठेवा, टॉवेल दिसला की आत कुणी आहे असं समजायचं. आमच्या सहलींत हीच खूण ठरलेली असायची.

पलंगाची उंची तुम्ही बहुतेक विसराल, म्हणून वेगळं लिहिते. हल्ली हॉटेलांना जाड गाद्यांची हौस आहे. पलंग चोवीस-पंचवीस इंचांवर जातो, आणि कडेला बसलं की म्हाताऱ्या माणसाचे पाय लोंबकळतात. पाय जमिनीला नीट टेकले नाहीत तर उठताना तोल जातो. घरच्या पलंगाची उंची टेपने मोजा, गादीसकट, आणि हाउसकीपिंगला तोच आकडा सांगा. काही ठिकाणी वरची जास्तीची गादी काढून देतात. आणि तिघांसाठी एकच खोली घेऊन जादा पलंग टाकून घेण्याचा मोह टाळा. तो जादा पलंग नेहमी बाथरूमच्या वाटेतच येतो, वॉकर जायला जागा उरत नाही. मधलं दार असलेल्या दोन खोल्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर तुम्ही आणि बाबा एका खोलीत, आई शेजारच्या खोलीत, असं करा. हे आईंना आवडणार नाही, साठ वर्षांच्या संसारात वेगळ्या खोलीत झोपण्याची सवय नसते. मग खोली मोठी घ्या, दोन स्वतंत्र पलंगांची, आणि जाजम असेल तर ते गुंडाळून ठेवायला सांगा. वॉकरची पुढची चाकं जाजमाच्या कडेत अडकतात.

एक रात्रीचा दिवा न्या, प्लगमध्ये बसणारा, हालचाल जाणवली की आपोआप लागणारा. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पलंग ते बाथरूमच्या वाटेवरच्या प्लगमध्ये लावा. हॉटेलच्या खोलीत कुठला दिवा कुठल्या बटणाने लागतो हे माणसाला तिसऱ्या दिवशी कळतं, पडझड मात्र पहिल्याच रात्री होते. आणि घरातली पूजेची छोटी घंटा बाबांच्या उशाशी ठेवा. हाक मारायला आवाज निघत नाही कधी कधी, घंटा मात्र वाजवता येते.

बुकिंग करताना पैसे परत मिळतील असंच करा, चारशे-पाचशे जास्त गेले तरी चालतील. उजेड असताना पोचाल अशी वेळ धरा. पोचल्यावर आईबाबांना लॉबीत बसवा, चहा मागवा, आणि तुम्ही एकट्या वर जाऊन खोली बघा, दार मोजा, कमोडवर स्वतः बसून उठून बघा. सामान तोपर्यंत गाडीतच राहू दे. एकदा बॅगा उघडल्या की आई म्हणणार, “आता राहू दे, कशाला बदलायची?”

प्रवासाचं थोडक्यात. पुण्याहून बनारसला रेल्वेने जायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि रात्र, आणि गाडीतलं टॉयलेट बाबांना झेपणार नाही. विमानाने जा. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी व्हीलचेअर सांगा, आणि नुसती “व्हीलचेअर हवी” असं सांगू नका. “पायऱ्या चढता येत नाहीत” हे स्पष्ट सांगा, कारण तिकिटावर त्याची वेगळी नोंद होते. तशी नोंद नसेल तर बाबांना शिडीच्या पायथ्यापर्यंत नेऊन सोडतील.

दिवस कुठले? डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं असतं, विमानं तासन्‌तास लटकतात. पावसाळ्यात गंगा घाट गिळते, आरतीसुद्धा गच्च्यांवर होते. कार्तिकी पौर्णिमेची देवदीपावली आणि महाशिवरात्र या दोन्ही वेळा गर्दीत उभं राहायलाही जागा नसते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य घ्या, महाशिवरात्र टाळून, किंवा नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, देवदीपावली होऊन गेल्यावर. चार रात्री राहा आणि दिवसाला एकच गोष्ट करा.

आता आईंची गंगा. भावाला हे वाचून दाखवा, त्याचं समाधान होईल. राजघाटाजवळ, मालवीय पुलाच्या बाजूला नमो घाट झाला आहे. तिथे गाडी जवळ जाते आणि खाली उतरायला रॅम्प आहे. व्हीलचेअर ढकलत आईबाबांना नदीपर्यंत नेता येईल. उन्हं उतरताना जा, आईंना हवा तेवढा वेळ बसू द्या. दशाश्वमेधच्या आरतीचा हट्ट धरू नका. तिथे गोदौलियापासून गर्दीतून चालावं लागतं आणि शेवटी पायऱ्या आहेतच. अस्सी घाटावर पहाटे आरती आणि गायन होतं, ‘सुबह-ए-बनारस’ या नावाने २०१४ पासून. ते घाटाच्या वरच्या मोकळ्या भागात होतं आणि पहाटे रस्ते रिकामे असल्यामुळे कॅन्टोन्मेंटहून पोचायला वेळ लागत नाही. घाट चढण्या-उतरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नावेत बसायची इच्छा असेल तर छोटी होडी नको. पाय टाकताना ती हलते, आणि बाबांच्या खुब्याला एक झटका महागात पडेल. मोठ्या क्रूझ बोटी आहेत, त्यांना फळी टाकून चढता येतं. आधी जाऊन ती फळी बघून या.

विश्वनाथाला डिसेंबर २०२१ पासून नवा कॉरिडॉर झाला आहे. पूर्वीच्या त्या गल्ल्यांतून घुसणं आता राहिलं नाही. व्हीलचेअर मिळते, दारावरच मागून घ्या. सोमवार टाळा. आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथे बाबांना थांबवा, आपल्या माणसांना तिथे भरून येतं. सारनाथ दहा किलोमीटरवर आहे, बराचसा सपाट, झाडं आहेत, व्हीलचेअरवर निवांत फिरता येतं. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. दुखलंखुपलं तर लंका भागात बनारस हिंदू विद्यापीठाचं सर सुंदरलाल रुग्णालय आहे. कॅन्टोन्मेंटहून लांब पडतं, म्हणून हॉटेलच्या जवळचा एखादा चांगला दवाखाना कोणता, हेही त्याच फोनवर विचारून कागदावर लिहून ठेवा.

राहता राहिले बाबा. ते व्हीलचेअरला नाही म्हणतील, हे मी पत्र न वाचताही सांगितलं असतं. घरात वॉकरवर चालणारा माणूस चारचौघांत खुर्चीत बसायला कचरतो, आणि त्याचा मान आपण राखायला हवा. वाद घालू नका. “तुम्हाला चालता येत नाही म्हणून” असं एकदाही म्हणू नका. त्यांना म्हणा, “आईला एकटीला खुर्चीत बसायला लाज वाटते, तुम्ही बसलात तर ती बसेल.” आणि हे खरंही आहे. आईंचे गुडघे त्यांच्या खुब्यापेक्षा फार बरे नाहीत, फक्त त्या बोलत नाहीत. दोन खुर्च्या घ्या, शेजारी शेजारी ढकलायला सांगा, ढकलणाऱ्यांना आधी ठरवून पैसे द्या आणि दोघांना बोलत बोलत जाऊ द्या.

खर्चाचं मनाला लावून घेऊ नका. चार रात्री स्वस्त हॉटेलात काढण्यापेक्षा तीन रात्री नीट हॉटेलात काढा, एक दिवस कमी फिरा. बजेट जमत नसेल तर कॅन्टोन्मेंटमध्येच मध्यम दर्जाची हॉटेलंही आहेत. व्हिडिओची अट सगळ्यांना सारखीच लावा. मला कमी भाड्याच्या हॉटेलांत उंबरा नसलेली बाथरूम मिळालेली आहेत आणि महागड्यांत तो सहा इंचांचा ओटा.

एक करा. आज रात्री आईबाबा झोपायच्या आधी टेप घ्या आणि तीन मापं लिहून ठेवा : बाबांच्या पलंगाची उंची गादीसकट, घरच्या कमोडची उंची रायझरसकट, आणि वॉकरची रुंदी बाबांचे हात त्यावर असताना. हे तीन आकडे समोर ठेवूनच पहिला फोन लावा. व्हिडिओ आले की मला पाठवा, मी बघून सांगेन.